रावस मोठा की जिताडा?

शुक्रवारी दुपारी कँटीनमध्ये आमच्या टीमचं भांडण झालं. विषय अप्रेझलचा नव्हता, रिलीजचा नव्हता, मुंबई-पुण्याचाही नव्हता (म्हणजे थोडा होता, तो कशात नसतो?). विषय मासळीचा होता. आमच्यातला एक गिरगावकर डब्यातली रावसाची तुकडी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरून म्हणाला, "याच्यापुढे बाकी सगळे मासे टाइमपास." मी सहज विचारलं, "जिताडा खाल्लायस कधी?" त्यावर तो जे बोलला त्यासाठी हा लेख. तो म्हणाला, "तो गाळातला मासा ना? चिखलाचा वास येतो त्याला."

माझं आजोळ पेणच्या खारेपाटातलं. तिथे जाऊन जिताड्याला गाळातला मासा म्हणणं म्हणजे देवगडात उभं राहून हापूसला आंबट म्हणण्यासारखं आहे. पुढच्या पाऊण तासात काय झालं ते लिहीत नाही. बाजूच्या टेबलावरची शाकाहारी मंडळी डबे उचलून दुसरीकडे गेली, एवढं सांगतो. शेवटी "सोमवारी सविस्तर उत्तर देतो" असं म्हणून मी उठलो. हे ते उत्तर.

मात्र लिहायला बसल्यावर लक्षात आलं, की गिरगावकराशी भांडण आहे ते आहेच, पण त्याहून मोठं भांडण तुमच्याशी आणि माझ्याशी आहे. तेही करणार आहे. आधी सरळ सामना होऊन जाऊ दे.

ओळखपरेड. जिताडा म्हणजे लॅटेस कॅल्कॅरिफर. गोव्यातला चोणक, दक्षिण कोकणात काही ठिकाणी म्हणतात तो खजुरा, बंगाल्यांची भेटकी आणि ऑस्ट्रेलियातली बारामुंडी हे सगळे एकच. पाठीला कुबड, तोंड हे एवढं मोठं, शेपूट गोल, खवले जाड. रात्री टॉर्च मारला तर डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. खाडीत, नदीत, तिवरांच्या मुळांमध्ये दबा धरून बसायचं आणि समोरून कोळंबी किंवा बोय गेली की एका घोटात आत ओढायची, असा याचा दिनक्रम.

रावस म्हणजे इल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम. नावातल्या टेट्राडॅक्टायलमचा अर्थ चार बोटांचा. छातीच्या पराखाली दोन्ही बाजूंना चार-चार लांब मोकळे धागे असतात, तीच ती बोटं. गढूळ पाण्यात तळ चाचपायला त्यांचा उपयोग. रंग रुपेरी, शेपटी खोल दुभंगलेली, नाक पुढे आणि तोंड खालच्या बाजूला, डोळ्यांवर चरबीचं पारदर्शक झाकण. हा दबा धरत नाही. लाटा फुटतात त्या पट्ट्यात, खाडीच्या मुखाशी, झुंडीने फिरतो.

आता एक गोष्ट एकदाची स्पष्ट करू. मेनूकार्डावर रावसाला 'इंडियन सॅल्मन' लिहितात. त्याचं सॅल्मनशी लांबचंही नातं नाही, कुळच वेगळं. गंमत म्हणजे सॅल्मनची आठवण व्हायची तर ती जिताड्याला बघून व्हायला हवी, तीही उलटी. सॅल्मन समुद्रातून नदीत जाऊन अंडी घालतो. जिताडा नदी-खाडीत वाढतो आणि अंडी घालायला खारट पाण्यात, खाडीच्या मुखाशी उतरतो. पिल्लं उधाणाच्या पाण्याबरोबर परत खाडीत, खाजणात शिरतात. पण परदेशी नाव मिळालं की भाव वाढतो, हे आपल्याला आपल्या डेझिग्नेशनवरूनही माहीत आहे.

दुसरी फेरी गळाची. मी काही मोठा अँगलर नाही. दोन रॉड, तीन रिळं आणि बायकोने कपाटातून बाहेर काढलेला एक खोका, एवढीच माझी दौलत. तरी दोन्ही मासे गळाला लागल्यावर काय होतं ते अनुभवलं आहे. रावस लागला की रीळ किंचाळतं. सरळ धाव, तीही इतकी वेगाने की पहिले दहा सेकंद आपण फक्त प्रेक्षक. पण तोंड नाजूक. जरा जास्त ओढलं की गळ सुटतो आणि तुम्ही समुद्राकडे बघत बसता. जिताड्याचं तंत्र वेगळं. तो आधी आमिष आत ओढतो तेव्हा पाण्यावर 'भॉक' असा आवाज येतो. मग पाण्याबाहेर उडी घेऊन डोकं असं झटकतो, की कल्ल्यांची झाकणं खडखडतात. त्या झाकणांची कड पात्यासारखी असते. दोरा कापला जातो, बोट घातलं तर बोटही. उडीतून वाचलात तर तो तिवरांच्या मुळांत घुसतो आणि तिथून त्याला काढणं म्हणजे दुसऱ्याच्या दहा वर्षं जुन्या कोडमधला बग काढणं. ही फेरी माझ्या मते जिताड्याची.

तिसरी फेरी तव्याची. इथे मी प्रामाणिक राहणार आहे. रावसाची तुकडी उत्तम असते. काटा कमी, मांस घट्ट, किंचित तेलकट. रवा लावून तव्यावर टाकली की नवशिक्याच्या हातूनही बिघडत नाही. ज्याला मासे 'तसे आवडतात पण काट्यांची भीती वाटते' अशा पुणेरी जावयाला रावस द्यावा, संसार सुखाचा होतो.

जिताडा त्या मानाने स्वयंपाक करणाऱ्याची परीक्षा घेतो. मांस पांढरंशुभ्र, जाड पाकळ्यांचं. जास्त शिजलं की कोरडं. पण नीट शिजलं की त्या पाकळ्या बोटाने अलगद सुटतात आणि प्रत्येक पाकळीत रस्सा मुरलेला असतो. आजोळी कालवण साधं: आलं, लसूण, मिरची, कोथिंबिरीचं वाटण, घरचा मसाला, चिंचेचा कोळ, आणि कैरीचे दिवस असतील तर कैरी. सोबत तांदळाची भाकरी. डोकं घरातल्या मोठ्या माणसाच्या ताटात, कारण खरा मासा डोक्यातच असतो: गालांचं मांस, डोळ्यामागची चरबी, चोखायची हाडं. रावसाच्या डोक्यात एवढा ऐवज नाही. कलकत्त्याचे लोक याच माशाला मोहरी लावून केळीच्या पानात वाफवतात आणि त्याला पातुरी म्हणतात. ती एकदा खाल्ल्यापासून बंगाल्यांच्या बाकी सगळ्या मतांविषयी माझा आदर वाढला आहे.

आणि तो चिखलाचा वास? गिरगावकर अर्धा बरोबर आहे. तळ्यातल्या माशाला कधीकधी मातकट वास येतो. जिओस्मिन नावाचं एक द्रव्य त्याला कारण असतं. पाण्यातले काही जिवाणू आणि शेवाळासारखे सूक्ष्मजीव ते तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीचा जो सुगंध येतो तोही त्याचाच. (तेव्हा तुम्हाला कविता सुचतात, माशात आला की नाक मुरडता!) काढण्याआधी मासा काही दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात ठेवला की तो वास जातो. म्हणजे दोष माशाचा नाही, प्रोसेसचा आहे.

इथपर्यंत वाचून खारेपाटवाले खूश आणि गिरगाववाले चिडलेले असतील. आता दोघांनाही चिडवतो.

२०१८ च्या डिसेंबरात मी रेवदंड्याला कुंडलिकेच्या मुखाशी पहाटे रॉड घेऊन उभा होतो. तासाभरात तीन रावस मिळाले. प्रत्येकी अर्ध्या किलोच्या आतबाहेर. माझ्यासारख्याला हा जन्माचा विक्रम. तिन्ही मासे ओळीने वाळूवर ठेवून फोटो काढले, ग्रुपवर टाकले, लाइक्स मोजत मोजत मामाच्या घरी पोचलो. पिशवी त्याच्यासमोर उघडली. वाटलं, पाठ थोपटेल. त्याने तिन्ही मासे उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, "ही पोरां मारून फोटू काय काढतोस रं?"

मी म्हटलं, "मामा, बाजारात याहून छोटे मिळतात."

"मिलतात ना. म्हणून तर सांगतोय. बारक्या रावसाच्या पोटात गाभोळी कवा गावलीय तुला?"

मला आठवेना. मामाच्या म्हणण्याप्रमाणे त्यालाही साठ वर्षांत कधी गावली नव्हती. बारक्या जिताड्यातही नाही. गाभोळी सापडते ती मोठ्या माशात. मी त्याला म्हटलं, अरे बारक्या माशांत निम्म्या तरी माद्या असतीलच ना, फक्त वयात आलेल्या नसतील. तो म्हणाला, "तू इंजिनेर हायस, तूच शोध."

शोधलं. आणि त्या रात्री जे वाचलं त्यानंतर मी तो फोटो काढून टाकला.

रावस आणि जिताडा हे दोन्ही मासे जन्मभर एकाच लिंगाचे राहत नाहीत. आधी नर म्हणून वयात येतात आणि मोठे झाल्यावर त्याच माशाची मादी होते. जिताडा साधारण तीन-चार वर्षांचा झाला की नर, आणि सहाव्या-सातव्या वर्षाच्या आसपास, जेव्हा तो मीटरभराकडे झुकलेला असतो, तेव्हा मादी. रावसाचं घड्याळ जरा भरभर चालतं, पण क्रम तोच. चालू प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचा टाइपच बदलावा तसा प्रकार. हे अपवादाने होत नाही, यांची वंशवृद्धी यावरच चालते. मोठी जिताडी एका हंगामात कोटीच्या घरात अंडी घालू शकते. इतकी अंडी पोटात वागवायला देहही तेवढाच दांडगा लागतो. नराचं काम छोट्या देहातही भागतं.

म्हणजे मामा बरोबर होता. बारक्या माशात मादी जवळपास नसतेच. ती पुढे व्हायची असते.

आता याचा हिशोब मांडू. आपल्या कंपनीत बाहेरून सिनियर घ्यायची सोय नाही, फक्त आतल्या माणसालाच प्रमोशन मिळतं असं समजा. मग कोणीतरी सगळ्या ज्युनियरना काढून टाकलं, तर चार वर्षांनी सिनियर कुठून येणार? आणि दुसऱ्या कोणी एकाच वेळी सगळ्या सिनियरना काढलं, तर प्रॉडक्ट कोण चालवणार? आपण या दोन माशांचं नेमकं हेच करतो आहोत, दोन्ही टोकांनी.

खालचं टोक रावसाचं. हॉटेलात आपल्याला प्लेटमध्ये मावेल असा अख्खा तंदुरी मासा हवा असतो, म्हणजे फोटो चांगला येतो. बाजारात आपण "मावशी, छोटा द्या, कोवळा असतो" म्हणतो. अर्ध्या किलोचा रावस कोवळा असतो कारण तो पोर असतो. मादी व्हायच्या आधीच तो आपल्या तव्यावर येतो.

वरचं टोक जिताड्याचं, आणि इथे मी माझ्या आजोळच्या लोकांना सोडणार नाही. आमच्याकडे मोठा जिताडा हा नुसता मासा नसतो, ते प्रतिष्ठेचं चलन असतं. जावई आला, जिताडा. साहेबांकडे काम अडलंय, जिताडा. निवडणूक जिंकली, जिताडा. आणि तो जितका मोठा तितकी इज्जत मोठी. खाडीतून आठ-दहा किलोचा जिताडा आला की त्याच्या पोटात हात घालून गाभोळी वर काढायची आणि सगळ्यांना दाखवायची. त्या परातीत काय आहे? पुढच्या वर्षीची खाडी आहे.

२०२२ मध्ये ऑफिसने सहा महिन्यांसाठी ब्रिस्बेनला पाठवलं होतं. तिथल्या एका सहकाऱ्याने लाँग वीकेंडला गाडीमागे बोट बांधून मला रॉकहॅम्प्टनला नेलं, सहाशेच्या वर किलोमीटर, फिट्झरॉय नदीवर. 'बारामुंडी' हा शब्द मुळात त्याच भागातल्या आदिवासी भाषेतून आला आहे. माझ्या मामाच्या माशाला मी परदेशात भेटायला चाललो होतो, त्यामुळे जरा भरून आलं होतं :-)

बोटीच्या कडेला एक पट्टी चिकटवलेली होती, आपल्या शाळेतल्या पट्टीसारखी, फक्त लांब. पहिला जिताडा मला लागला. तीन उड्या, घामाच्या धारा, शेवटी बोटीत. सहकाऱ्याने तो पट्टीवर ठेवला. ५४ सेंटीमीटर. त्याने शांतपणे गळ काढला आणि मासा पाण्यात सोडला. तिथे क्वीन्सलंड राज्यात नियम असा, की ५८ सेंटीमीटरपेक्षा छोटा ठेवायचा नाही आणि १२० पेक्षा मोठाही ठेवायचा नाही. छोटा का नाही ते उघड आहे. मोठा का नाही? कारण ती मादी. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे अंडी घालायच्या दिवसांत, जिताडा धरायलाच बंदी. रावसही तिथे आहे, त्याला ते ब्लू थ्रेडफिन म्हणतात, आणि त्यालाही किमान लांबीचा नियम आहे.

चार सेंटीमीटरसाठी माझा मासा गेला म्हणून मी थोडा खट्टू होतो. आजूबाजूला कोणी अधिकारी नव्हता, कॅमेरा नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मग पट्टी कशाला लावली असती?"

आता तुम्ही म्हणाल, झालं, हा ऑन-साइटवाला परत आला आणि तिकडचं कौतुक सुरू. तसं नाही. तिथे माणसं थोडी आणि किनारा अफाट. हौसेने मासे धरणाऱ्याला चार सेंटीमीटर सोडून देणं परवडतं. आपल्याकडे त्या जाळ्यावर घर चालतं. आणि आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या सागरी जीवांसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याच वर्षी पापलेटला राज्यमासा केलं. कागद तयार आहे. पट्टी मात्र कुठल्याच बाजारात दिसत नाही, आणि ती मागणारं गिऱ्हाईकही दिसत नाही.

गिऱ्हाईक म्हणजे आपण. सरकार, ट्रॉलरवाले, दलाल यांच्यावर लिहायला मलाही आवडतं, टाळ्या मिळतात. पण पन्नास हजारांचा फोन घेताना दहा रिव्ह्यू वाचणारे आपण, मासा घेताना एकच प्रश्न विचारतो: "ताजा आहे ना?"

कँटीनमध्ये हे सगळं थोडक्यात बोललो तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही चांगले होते, म्हणून उत्तरं देतो.

पहिला: "जाळ्यात आलेला छोटा मासा मेलेलाच असतो. मी नाही घेतला तर कुजेल." हा रावस मेला, मान्य. पण तो विकला गेला म्हणून उद्या बारीक आसाचंच जाळं पाण्यात जातं. तुमचे पैसे आजच्या माशाला मिळत नाहीत, उद्याच्या जाळ्याला मिळतात.

दुसरा: "गरीब कोळ्याच्या पोटावर पाय का आणता?" उलट आहे. बाजारात मोठ्या रावसाला किलोमागे छोट्यापेक्षा जास्त भाव मिळतो. तोच मासा दोन वर्षांनी धरला तर वजन कितीतरी पट आणि भावही वर. आज पोरं मारली जातात त्याचा पहिला फटका छोट्या होडीवाल्यालाच बसतो, कारण मासे कमी झाले म्हणून तो ट्रॉलर घेऊन शंभर किलोमीटर पलीकडे जाऊ शकत नाही.

तिसरा: "मग काय, मासे सोडून पनीर खायचं?" नाही हो. एवढं वाईट काही सुचवत नाही. खायचं, पण काय आणि केवढं ते बघून. आणि इथे माझा निकाल येतो.

जिताडा मोठा. चवीच्या नावावर मी हे म्हणू शकलो असतो, पण चवीवर भांडण कधी संपत नाही. माझं कारण वेगळं आहे. जिताडा खाताना आपल्याला पर्याय आहे, रावस खाताना जवळपास नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याची बंदिस्त जागेत पैदास करून दाखवली. आता हॅचरीतलं बी मिळतं. ते खारेपाटातल्या तळ्यात वाढतं, खाडीतल्या पिंजऱ्यांत वाढतं. असा दीड-दोन किलोचा जिताडा ताटात आला, तर खाडीतली एकही मादी कमी झालेली नसते आणि होणारी मादीही नसते. आपल्या बाजारातला रावस मात्र समुद्रातूनच येतो. प्रत्येक रावस ही समुद्रातून केलेली उचल आहे, आणि आपण परतफेड करत नाही.

यातही खोट आहे, ती लपवत नाही. जिताडा मांसाहारी. त्याला वाढवायला मासळीचंच खाद्य लागतं, म्हणजे समुद्रावरचा भार पूर्ण जात नाही. आणि दुसरी खोट घरातली आहे. आमच्या खारेपाटात पिढ्यानपिढ्या तळ्यात जो जिताडा वाढवतात, त्याची पिल्लं हॅचरीतली नसत. पावसाळ्यात उधाणाबरोबर उघाडीतून आत येणारी बोटभर पिल्लं धरायची आणि तळ्यात सोडायची, हीच पद्धत. माझ्या मामानेही आयुष्यभर तेच केलं. मला रेवदंड्याच्या तीन पोरांवरून झापणाऱ्या मामाच्या तळ्यात सगळी खाडीचीच पोरं होती. हे मी त्याला ऑस्ट्रेलियाहून आल्यावर बोलून दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, की मागची काही वर्षं उघाडीवर रात्र काढली तरी पाच-दहा पिल्लं गावतात. लहानपणी टोपलीने मिळायची.

त्याने त्याला कारणं पुष्कळ दिली. बांध फुटले, धरमतरच्या खाडीत बार्जेसची ये-जा वाढली, पाणी बिघडलं, तिवरं तुटली. सगळी खरी असतील. पण शेवटी स्वतःहून म्हणाला, "आन आमीबी खाल्ली."

मला वाटतं, या भांडणात कोणीतरी पहिल्यांदा हे वाक्य म्हणायला हवं होतं. ते सत्तरीच्या माणसाने म्हटलं आणि आपण तिशीतले लोक अजून 'ताजा आहे ना' वर अडकलोय.

तर माझ्यापुरते नियम असे. हातभरापेक्षा छोटा रावस घ्यायचा नाही. हातभर म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, पट्टी घरी विसरली तरी हात सोबत असतो. फार थोराड रावसही सोडायचा, मधल्या मापाच्या माशाची तुकडी घ्यायची. हे माप शास्त्रज्ञांनी दिलेलं नाही, माझं आहे. पण माप नसण्यापेक्षा बरं. खाडीतला मोठा जिताडा कोणी भेट दिला तरी घ्यायचा नाही (मला अजून कोणी दिलेला नाही, तेवढी माझी पोझिशन नाही). तळ्यातला घ्यायचा आणि बी कुठलं ते विचारायचं. अख्खा तंदुरी रावस मागवायचा नाही. मागच्या वर्षी एका हॉटेलात 'रावस फ्राय' म्हणून बासा खाऊ घातला गेला, तेव्हा आधी संताप आला आणि मग वाटलं, चला, एक रावस वाचला. पण पैसे रावसाचे घेतले, तो राग अजून आहे.

गळ टाकणाऱ्या मित्रांना वेगळं सांगतो. छोटा रावस सोडायचा असेल तर पाण्यातच सोडा. वाळूवर ठेवून, चार अँगलने फोटो काढून मग सोडला तर तो वाचत नाही, फार नाजूक मासा आहे. जिताडा त्या मानाने काटक. म्हणून निव्वळ खेळायचं असेल तरी जिताड्याशीच खेळा. ही फेरी पण त्याची.

गेल्या पावसाळ्यात मामाने पहिल्यांदा पैसे मोजून हॅचरीचं बी आणलं. त्याला ते अजिबात आवडलेलं नाही. "इकत आणलेला जिताडा," असं तो त्यांच्याकडे बघून म्हणतो, दत्तक घेतलेल्या पोराबद्दल एखाद्या हट्टी आजोबाने बोलावं तसं. पण रोज संध्याकाळी तळ्यावर जाऊन बसतो आणि बारीक मासळी टाकतो. परवा फोनवर म्हणाला, किलोभराचे झालेत.

असो. सोमवारी मी डब्यात त्यातलाच एक घेऊन येणार आहे, चिंच घातलेलं कालवण आणि भाकरी. गिरगावकराने वास घेऊन बघावा. चिखल सापडला तर पुढचा महिनाभर रावसाची बाजू मी लढवीन. नाही सापडला, तर त्याने पुढच्या वेळी मावशीकडे रावस घेताना टोपलीवर हात धरून माप घ्यायचं. मी बघायला येणार आहे.

ता. क. - डोकं मी आणणार नाही. ते मामाच्या ताटात गेलं.